बेने इस्राएलांच्या कबरींवरील लेख आणि मातृकुलाचा शोध

मराठीतील आद्य शिलालेखांची चर्चा निघाली की अलिबागनजीकच्या आक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ च्या लेखाचा उल्लेख होतोच. त्या लेखाच्या वाचनावर आणि कालनिर्णयावर विद्वानांनी पुष्कळ परिश्रम केले आहेत. परंतु त्याच अलिबाग तालुक्यात आणि त्याच्या आसपासच्या पेण, रोहे, मुरूड या भागांत मराठी अक्षरे कोरलेल्या दुसऱ्या अनेक शिला उघड्यावर ऊनपाऊस सोशीत उभ्या आहेत, त्यांच्याकडे मराठीच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. या शिला बेने इस्राएल समाजाच्या कबरींवरील होत. त्यांत राजाज्ञा नाही, भूमिदान नाही, शापवचन नाही. अमका अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, अमक्या दिवशी वारला, एवढेच त्यांचे सांगणे. कदाचित म्हणूनच त्या उपेक्षित राहिल्या असाव्यात. मद्रास इलाख्यातील थडग्यांवरील व स्मारकांवरील लेखांची यादी जे. जे. कॉटन यांनी १९०५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात भर आहे तो युरोपियनांच्या थडग्यांवर. कोकणातील तेल्याच्या किंवा पलटणीतून परतलेल्या सुभेदाराच्या कबरीला असे भाग्य लाभले नाही.

या शिलांच्या नोंदणीला केवळ भाषिक महत्त्व असते तरीही ती करण्याजोगी ठरली असती. पण गेल्या साठ-पासष्ट वर्षांतील घटनांनी तिला निराळेच महत्त्व आणून दिले आहे. एका संपूर्ण समाजाला ‘तुमची आई कोण, तिची आई कोण’ असा प्रश्न विचारण्यात आला, आणि त्याचे उत्तर ज्या थोड्या लेखी पुराव्यांत सापडण्याचा संभव होता त्यांत या कबरींची गणना करावी लागते. आता अडचण अशी की मराठी नावाची घडण पित्याची आणि पतीची ओळख सांगते, मातेची सांगत नाही. प्रश्न मातेचा आणि पुरावा पित्याचा, अशी ही विसंगती आहे. ती कोणत्या मर्यादेपर्यंत दूर करता येते याचा विचार येथे कर्तव्य आहे.

बेने इस्राएल हे कोकणातील मराठीभाषक यहुदी. त्यांच्या परंपरागत कथेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. किनाऱ्याला लागलेली प्रेते नवगाव येथे पुरण्यात आली. वाचलेल्या चौदा जणांपासून पुढे समाज वाढला. समुद्रातून वाहून आलेल्या चौदा देहांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीसंबंधीही सांगितली जाते, हे साम्य अनेकांनी दाखविले आहे. त्यावरून कोणी कोणाकडून काय घेतले हे ठरविण्याच्या भरीस न पडणे बरे. ऐतिहासिक काळात हा समाज गावोगाव विखुरलेला, तेलाचे घाणे चालविणारा असा आढळतो. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली असे नाव पडले होते. अठराव्या शतकात इंग्रजांच्या मुंबईत त्यांची वस्ती वाढू लागली, अनेक जण पलटणीत शिरले, आणि १७९६ साली समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर मुंबईत मांडवी भागात उभे राहिले. बेने इस्राएल आपल्या मंदिराला मशीद असेच म्हणत. मध्य रेल्वेच्या मशीद या स्थानकाचे नाव याच मंदिरावरून पडले असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकात कोकणातही मंदिरे झाली, त्यांपैकी अलिबागचे १८४८ चे आणि पनवेलचे १८४९ चे.

१९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली. त्यानंतर हा समाज हळूहळू तिकडे जाऊ लागला आणि आज त्यातील बहुसंख्य लोक तेथेच राहतात. तेथे विवाहाची नोंदणी धर्मपीठाच्या हाती आहे, आणि यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे यहुदीपण आईकडून येते. १९६२ साली तेथील प्रमुख धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्या धर्मगुरूंना सूचना पाठविल्या. बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह अन्य यहुदी व्यक्तीशी व्हावयाचा असेल तर तिची आई, आईचे आईबाप, आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात, तसेच पूर्वजांत शास्त्राला अमान्य घटस्फोट किंवा निषिद्ध नात्यातील विवाह झाला होता काय हेही पाहावे, असा त्या सूचनांचा आशय होता. समाजाला हा अपमान वाटला. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली. ऑगस्टमध्ये प्रश्न तेथील संसदेत गेला आणि संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा निर्वाळा दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने सूचनांतून या समाजाचे नाव काढून टाकले. समाजावरचा आरोप अशा रीतीने मिटला. परंतु ‘शक्य तितक्या मागे’ हे शब्द ज्यांनी एकदा ऐकले त्यांच्या घरांत वंशावळ हा केवळ हौसेचा विषय राहिला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. बेने इस्राएल पुरुषाच्या नावाचे सूत्र मराठी माणसाला पूर्ण परिचयाचे आहे: स्वतःचे नाव, बापाचे नाव, आणि गावावरून पडलेले ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव. मुंबईचे पहिले मंदिर बांधणारे समाजी हसाजी दिवेकर आणि समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहीमकर ही दोन्ही नावे याच सूत्रातील आहेत. किहीमवरून केहीमकर, नवगाववरून नवगावकर, झिराडवरून झिराडकर, पेणवरून पेणकर, आवासवरून आवासकर, तळ्यावरून तळकर. अन्य यहुदी समाजांत पुरोहितकुळे आणि लेवीकुळे निराळी ओळखली जातात व त्यांच्या कबरींवर तसा निर्देश असतो. बेने इस्राएलांत हा भेद परंपरेने नाही; त्यामुळे घराणी वेगळी ओळखण्याचे काम प्रायः या ग्रामनामांवरच येऊन पडले आहे. पण ग्रामनाम हे एका घराण्याचे नाव नव्हे. एकाच गावात दोन-तीन स्वतंत्र घरे असत, ती बाहेर पडल्यावर सगळी एकाच आडनावाने ओळखली जात. शिवाय त्याच गावचे हिंदू रहिवासीही तेच आडनाव लावीत. दिवेकर किंवा पेणकर या नावावरून जात वा धर्म सांगता येत नाही. यास्तव ‘आडनाव एक म्हणून मूळ पुरुष एक’ हे हौशी वंशावळींत नेहमी दिसणारे गृहीतक सोडून द्यावे लागते.

स्त्रीच्या बाबतीत सूत्र याहूनही तोकडे पडते. विवाहानंतर तिच्या नावापुढे पतीचे नाव आणि पतीचे गाव येते. माहेरचे गाव लोपते आणि बापाचे नावही लोपते. मराठी मजकुरात ती अमक्याची पत्नी असते, फार तर अमक्याची आई. जी स्त्री वंशाचा दुवा आहे तिचाच उगम लेखातून नाहीसा झालेला असतो. समाजात पूर्वी गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद मानीत; अन्य धर्मीय स्त्रीपासून झालेली संतती दुसऱ्या गटात मोडे आणि दोन गटांत बेटीव्यवहार नसे. मातृकुलाबद्दल समाज स्वतःच किती जागरूक होता याचे हे गमक होय. मात्र नावाच्या सूत्रात या भेदालाही जागा नव्हती. ते ज्ञान लोकांच्या मुखी होते आणि लोकांबरोबर गेले.

परंतु पुष्कळ शिलांवर मराठीबरोबर हिब्रू मजकूरही असतो, आणि या ठिकाणी अभ्यासकाला एक अनपेक्षित साहाय्य मिळते. दोन भाषांतील मजकूर एकाच अर्थाचा असेल असे समजून नोंद करणारे बहुधा वाचता येईल तेवढाच उतरून घेतात. वस्तुतः दोन्ही भाषांचे प्रघात भिन्न आहेत. मराठी प्रघात विवाहित स्त्रीला पतीच्या नावाने ओळखतो. हिब्रू प्रघात तिला मरणोत्तरही ‘अमक्याची कन्या’ असेच म्हणतो. म्हणजे ज्या शिलेवर दोन्ही मजकूर आपापल्या प्रघाताने कोरले आहेत तिच्यावर मराठी ओळ सासर सांगते आणि हिब्रू ओळ माहेर. एकीला दुसरीचे भाषांतर समजणे ही वाचनातील चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत एक संपूर्ण पिढी एवढी आहे.

या दोन ओळींच्या आधाराने मातृकुलाची वाट काढता येते ती अशी. एखाद्या स्त्रीची शिला घेतली. हिब्रू ओळीवरून तिच्या बापाचे नाव कळले. मग त्याच दफनभूमीत किंवा माहेरच्या गावाच्या दफनभूमीत त्या नावाच्या पुरुषाची पत्नी म्हणून जिचा उल्लेख आहे अशी शिला शोधावयाची. हा उल्लेख मराठी ओळीत सापडेल. ती सापडली म्हणजे आई सापडली. तिच्या शिलेवरील हिब्रू ओळ पुन्हा तिच्या बापाचे नाव देईल, आणि शोध आणखी एक पायरी मागे जाईल. हिब्रू ओळ मुलीकडून बापाकडे नेते, मराठी ओळ बापाकडून त्याच्या पत्नीकडे नेते. स्त्रीकडून स्त्रीकडे सरळ रस्ता नाही. प्रत्येक वेळी एका पुरुषाच्या नावावरून वळसा घालावा लागतो. तरीसुद्धा रस्ता आहे, आणि केवळ मराठी किंवा केवळ हिब्रू जाणणाऱ्या नोंदकाराला तो दिसणार नाही.

या साखळीत कच्चे दुवे पुष्कळ आहेत. पहिली अडचण नामसाम्याची. नावांचा साठा मर्यादित, गावे लहान. एकाच पिढीत एकाच नावाचे आणि बापाचेही तेच नाव असलेले दोन पुरुष असणे मुळीच अशक्य नाही. दुसरी अडचण द्विभार्यत्वाची. पहिली पत्नी वारल्यावर दुसरा विवाह होणे सर्वत्र रूढ होतेच, पण एक पत्नी हयात असताना दुसरी करण्याचीही उदाहरणे या समाजात होती. बाप निश्चित झाला तरी दोन पत्नींपैकी आई कोणती हे शिला सांगत नाही. अशा ठिकाणी वयाचा उल्लेख निर्णायक ठरू शकतो. मुलीच्या मृत्यूचे वर्ष आणि त्या वेळचे वय यांवरून तिचे जन्मवर्ष काढावयाचे आणि पहिली पत्नी त्यापूर्वीच वारली होती काय ते पाहावयाचे. यास्तव वयाचा आकडा क्षुल्लक समजून सोडून देणाऱ्या नोंदी जवळजवळ निरुपयोगी होत. तिसरी अडचण स्थलांतराची. कुटुंब मुंबईत, पुण्यात, कराचीत किंवा एडनला नोकरीनिमित्त गेले असेल तर आईची कबर कोकणात आणि मुलीची हजार कोस दूर असावयाची. एका दफनभूमीची यादी कितीही चोख केली तरी ती एकटी फार थोडे बोलते. दहा-बारा याद्या शेजारी मांडल्या म्हणजे नावे एकमेकांस हाका मारू लागतात.

नामसाम्याचा गुंता सोडविण्यास भाषाशास्त्राची थोडी मदत होते. बेने इस्राएलांच्या पुरुषनामांत तीन थर स्पष्ट दिसतात. सर्वांत जुना थर ‘जी’ प्रत्ययाचा. शमुएल या हिब्रू नामाचे समाजी, यहेज्केलचे हसाजी, अब्राहामचे अबाजी, एलियाहूचे एलोजी, बिन्यामीनचे बनाजी. शिवाजी, संभाजी, आबाजी या नावांच्या साच्यातच ही नावे बसविली आहेत: मूळ शब्दातील ठळक अवयव घ्यावयाचा, त्याला आकारान्त वा ओकारान्त करून आदरार्थी ‘जी’ जोडावयाचा. हसाजी हे रूप विशेष लक्षणीय आहे. यहेज्केल या शब्दाचा आरंभ आणि शेवट दोन्ही गळून मधला अवयव तेवढा उरला. मूळ नाव डोळ्यांपुढे नसेल तर दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानी येणार नाही. दुसरा थर मराठी बायबलाचा आणि धर्मशिक्षणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून आलेले धर्मशिक्षक आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांमुळे हिब्रूचे शिक्षण समाजात पसरले. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते १८३२ साली. या काळानंतर शमुवेल, यहेज्केल, इसहाक, मोशे अशी रूपे दिसू लागतात. तिसरा थर इंग्रजीचा: सॅम्युअल, एझिकेल, आयझॅक, मोझेस. हे थर काटेकोरपणे एकामागून एक आलेले नाहीत. खेड्यात जुने रूप टिकून असता शहरात तिसरे रूढ झाले होते. परंतु कबरीच्या वाचनात त्यांचे महत्त्व असे की एकच पुरुष स्वतःच्या शिलेवर समाजी असतो, मुलाच्या शिलेवर शमुवेल असतो आणि नातवाच्या शिलेवर सॅम्युअल होतो. नोंद करणाऱ्याने सोयीसाठी तिन्ही ठिकाणी सॅम्युअल लिहिले तर पिढीचा अंदाज देणारी खूण नष्ट होते. आणि उलट, तिन्ही रूपे एकाच नावाची आहेत हे न जाणल्यास एका माणसाचे तीन होतात.

इंग्रजी थराबरोबर आणखी एक बदल आला. ग्रामनाम गळून बापाचे नावच आडनावाच्या जागी बसू लागले. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हे मूळचे राजपूरकर. मुंबईतील रस्त्याच्या पाटीवर मात्र मोझेस एवढेच आहे. अशा कुटुंबांच्या बाबतीत शहरातील शिला गावाचे नाव सांगत नाही आणि खेड्यातील शिला नव्या आडनावाला ओळखत नाही. दोहोंमधील सांधा एखाद्याच संक्रमणकालीन लेखात सापडतो, जेथे बापाचे नाव आणि ग्रामनाम दोन्ही राखलेले असते. असे लेख संख्येने थोडे, पण त्यांची किंमत फार मोठी.

पलटणीचे हुद्दे हेही असेच एक साधन. मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींत बेने इस्राएल मोठ्या प्रमाणावर होते, आणि निवृत्तीनंतर बरेच जण कोकणात परतत. सुभेदार, जमादार असा हुद्दा किंवा पलटणीचा क्रमांक शिलेवर असेल तर त्याचा मेळ सैनिकी कागदपत्रांशी घालून पाहता येतो. मात्र हा मेळ पुरुषापुरता; मातृकुलाच्या प्रश्नाला त्याचा उपयोग आडवळणानेच होतो.

कालगणनेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण नोंदींतील सर्वाधिक चुका येथेच होतात. हिब्रू वर्ष सृष्टीच्या आरंभापासून मोजतात. त्यातून ३७६० वजा केले की इसवी सन येतो. पण वर्षारंभ भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास असल्याने त्या वेळेपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी ३७६१ वजा करावे लागतात. वर्ष अक्षरांनी लिहिण्याची चाल आहे आणि हजारांचा आकडा प्रायः गाळलेला असतो. तव, रेश, सामेख, दालेत अशी अक्षरे असल्यास ४००, २००, ६० आणि ४ मिळून ६६४. त्यात गाळलेले ५००० मिळविले की ५६६४, म्हणजे इ. स. १९०३-०४. झिजलेल्या दगडावर दालेत आणि रेश ही अक्षरे सारखीच दिसतात, परंतु आकडे मोठ्याकडून लहानाकडे लिहीत असल्याने ही चूक सहसा आपोआप उघडकीस येते. पाचाचे अक्षर ‘हे’ आणि आठाचे अक्षर ‘हेत’ यांच्याविषयी तसे म्हणता येत नाही. त्यांतील भेद एका लहानशा फटीचा. ती फट शेवाळाने भरली की ६६५ चे ६६८ होते, १९०४-०५ ची कबर १९०७-०८ ची ठरते, आणि आई मुलीच्या जन्मापूर्वी वारली की नंतर हा प्रश्न उलटा सुटतो. लेखात वार दिला असेल तर त्यावरून ताळा करता येतो. पंधरा आणि सोळा हे आकडे दहा अधिक पाच, दहा अधिक सहा असे न लिहिता नऊ अधिक सहा, नऊ अधिक सात असे लिहितात, कारण पहिल्या पद्धतीने ईश्वरनामाची अक्षरे जुळतात. हे ठाऊक नसलेला नोंदकार ‘कोरणाऱ्याची चूक’ असा शेरा मारून मोकळा होतो. लेखाच्या शेवटी मृताच्या आत्म्याला चिरजीवन लाभो अशा आशयाच्या शब्दांची पाच आद्याक्षरे असतात, त्यांनाही कित्येकदा वर्षाचा आकडा समजण्यात येते.

हिब्रू तारीख आणि इंग्रजी तारीख यांत एका दिवसाचा फरक आढळल्यास तोही प्रमाद समजू नये. यहुदी दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. सायंकाळनंतर आलेला मृत्यू हिब्रू गणनेत दुसऱ्या दिवसाचा होतो. अशा विसंगतीमुळे उलट मृत्यूची वेळ साधारणपणे कळते. पंचांगाची सवय असलेल्या मराठी वाचकाला या गणनेत परके वाटावे असे फारसे काही नाही. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरून चांद्र व सौर वर्षांचा मेळ तेथेही घातलेला आहे. वृद्ध माणसे तर तारखेऐवजी सणच सांगत. ‘दारफळणीच्या आदल्या दिवशी’ किंवा ‘बिरड्याच्या सणाला’ वारली, अशी आठवण एखाद्या घरात शिल्लक असेल तर ती तुच्छ मानू नये. दारफळणीचा सण म्हणजे प्रायश्चित्ताचा उपवास, बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन. दोहोंच्या हिब्रू तिथी ठरलेल्या आहेत. वर्ष शिलेवरून आणि दिवस आठवणीवरून, अशी तारीख पुरी झाल्यास तिच्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष नोंदणीचे काम कोकणात दिवाळीनंतर आणि शिमग्यापूर्वी करावे. पावसाळ्यात दफनभूमीत गवत कमरेएवढे वाढते आणि शिलांवर शेवाळ धरते. उन्हाळ्यात दगड इतका तापतो आणि प्रकाश इतका सरळ पडतो की उथळ अक्षर दिसेनासे होते. सकाळी सूर्य उगवल्यावर तासभर आणि मावळण्यापूर्वी तासभर तिरपे ऊन पडते, त्या वेळी दुपारी कोरा वाटलेला दगडही बोलतो. ज्या शिलेचे तोंड उत्तरेस आहे तिच्यावर आरशाने ऊन पाडावे. स्वच्छतेसाठी साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरे. तारेचा ब्रश, आम्ल, साबणाचा चुरा यांनी काळा दगड एक वेळ टिकेल, पण खाऱ्या वाऱ्याने आधीच भुसभुशीत झालेला संगमरवर टिकणार नाही. जांभ्यावर तर मुळात अक्षर फार काळ राहत नाही. अक्षरांत खडू भरण्याची पद्धत सर्रास दिसते. ती त्याज्य होय, कारण खडू भरणारा माणूस त्याला जे दिसते ते भरतो आणि पुढच्याला तेवढेच दिसते. संगमरवरावरील शिशाची अक्षरे निघून गेली असल्यास त्यांची खिळभोके मोजून आणि त्यांची मांडणी उतरून घेतल्यास मूळ अक्षराचा तर्क करता येतो.

पावसापेक्षाही मोठा धोका आप्तांच्या भक्तीचा आहे. दूरदेशी गेलेले कुटुंब पाच-दहा वर्षांनी परत येते, आजोबांच्या कबरीची दुरवस्था पाहून हळहळते, आणि गावातील रंगाऱ्याकडून अक्षरे पुन्हा काळी करून घेते. रंगाऱ्याला हिब्रू येत नाही. जेथे रेघ पुसली आहे तेथे तो अंदाजाने रेघ ओढतो. पाऊस अक्षर पुसतो, पण चुकीचे अक्षर लिहीत नाही. कधी जुनी शिला काढून नवी बसविली जाते आणि तिच्यावर नावांची रूपे आजच्या वळणाची होतात. समाजीचे सॅम्युअल होते, पत्नीच्या माहेराची हिब्रू ओळ ‘कोणाला कळत नाही’ म्हणून गाळली जाते. हेतू चांगला असतो, म्हणून या गोष्टीला दोष देणे जड जाते. निदान जुनी शिला फोडून न टाकता कबरीच्या पायथ्याशी ठेवावी एवढे तरी सुचविले पाहिजे.

उतारा ओळीस ओळ असा घ्यावा. ऱ्हस्वदीर्घ जसे असेल तसे ठेवावे, तुटलेले अक्षर कंसात दाखवावे, तर्काने भरलेले अक्षर निराळ्या खुणेने दाखवावे, आणि भाषांतर उताऱ्यात न मिसळता स्वतंत्र लिहावे. याहूनही अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे दफनभूमीचा नकाशा. रांग, रांगेतील क्रमांक आणि दोन कबरींमधील अंतर यांची नोंद नसेल तर लेखांचा संग्रह ही नुसती नामावली होते. पतीची आणि पत्नीची शिला शेजारी असेल, तिसरी त्याच चौथऱ्यावर असेल, लहान मुलांच्या कबरी आईच्या पायाशी असतील. हे संबंध कोणत्याही ओळीत लिहिलेले नसतात. दोन पत्नींचा जो प्रश्न वर सांगितला त्याचे उत्तर कधी कधी एवढ्यावरूनच मिळते की अल्पवयात वारलेले मूल कोणा एकीच्या शेजारी पुरलेले आहे. तेही उत्तर संभाव्य असेच मानावे.

१९६२ च्या सूचनांतील ‘शक्य तितक्या मागे’ या शब्दांची सीमा आता पाहता येईल. लिहिलेल्या शिला प्रामुख्याने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील आहेत. त्यापूर्वी तेल्याच्या कबरीवर अक्षर कोरविण्याचा प्रघात नव्हता, आणि ते कोरणारा व वाचणारा या दोघांचाही अभाव होता. केहीमकर यांनी आपला इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला (तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे), तेव्हाही त्यांना जुन्या काळासाठी परंपरेवरच विसंबावे लागले. अनुकूल परिस्थितीत, दोन्ही ओळी शाबूत असतील आणि कुटुंब एकाच टापूत राहिले असेल तर, शिलांच्या आधाराने आईकडून तीन किंवा चार पिढ्या मागे जाता येईल. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या समाजाच्या पूर्वजांत यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश असल्याचे दाखविले. परंतु तो निष्कर्ष समाजाविषयी आहे. कोणा एका स्त्रीच्या आजीचे नाव काय होते आणि ती कोणत्या गावची होती हे त्यातून कळावयाचे नाही.

अक्षरांच्या अलीकडची हद्द अशी. पलीकडे आहेत त्या बिनलेखी कबरी. कोकणातील जुन्या दफनभूमींत नुसत्या दगडांच्या राशी, एक बाजू खचलेले चौथरे, डोक्याकडे आणि पायाकडे रोवलेले दोन अनघड दगड असे पुष्कळ दिसते. नोंद करताना या कबरी ‘लेख नाही’ म्हणून वगळण्याकडे प्रवृत्ती असते. त्या वगळू नयेत, कारण लिहिलेल्या रांगा कोठे सुरू होतात आणि त्या कोणत्या जुन्या राशींना लागून आहेत यावरूनच एखाद्या घराण्याने आपली जागा किती काळ राखली होती याचा सुगावा लागतो. नवगावला परंपरेने दाखविले जाणारे जुने उंचवटेही याच न्यायाने नकाशावर घ्यावयाचे. त्यांच्यापुढे नावाचा रकाना कोरा राहील. लांबी, रुंदी, दिशा आणि सर्वांत जवळच्या लिहिलेल्या शिलेपासूनचे अंतर एवढे मात्र भरता येईल.